कोंबडा आरवल्याचे चार पेन्स

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तासिका तत्त्वावर का होईना, वर्ग मिळाला हे वाचून बरं वाटलं. मानधन हातात पडेल तेव्हा पडेल. आणि पहिल्याच आठवड्यात वाट्याला काय आलं, तर 'इंग्रजी नाटकाचा उगम आणि विकास'! विभागातले जुने लोक हा भाग नेहमी नव्या माणसाच्या गळ्यात घालतात. मीही घातलेला आहे.

तू माझ्या नोट्स मागितल्यास. त्या कपाटात आहेत, पिवळ्या पडल्या आहेत, पण पाठवत नाही, कारण त्या चुकीच्या आहेत. अकरा वर्षं मी फळ्यावर एक शिडी काढत होतो. तळाला चर्चमधली प्रार्थना, तिच्यावर मिरॅकल आणि मिस्टरी म्हणजे संतांची आणि बायबलची नाटकं, मग मोरॅलिटी म्हणजे गुण-दुर्गुणच पात्रं झालेली नीतिनाटकं, मग इंटरल्यूड म्हणजे दिवाणखान्यातले छोटे खेळ, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर शेक्सपिअर. मुलं शिडी वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत तशीच काढायची, मी मार्क द्यायचो, सगळे सुखी. एकदा दिवाळीच्या सुटीत सहज म्हणून तारखा एकाखाली एक लिहून काढल्या आणि शिडी मोडली. यॉर्क शहरातली बायबलची नाटकं शेवटची झाली १५६९ साली. लंडनच्या बाहेर व्हाइटचॅपलला 'रेड लायन' हे पैसे घेऊन खेळ दाखवण्यासाठी बांधलेलं नाटकघर उभं राहिलं १५६७ साली. शोरडिचमधलं जेम्स बर्बेजचं 'द थिएटर' १५७६ चं, आणि कोव्हेंट्रीची धार्मिक नाटकं मात्र १५७९ पर्यंत चालू. म्हणजे आजोबा गेल्यावर नातू जन्माला आला असं घडलेलंच नाही. दोघं एका अंगणात वावरत होते आणि नातवाने आजोबांचे कपडे, काठी, शिव्या सगळं उचललं होतं.

शिडीची ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्की झाली. ई. के. चेंबर्स यांचा मध्ययुगीन रंगभूमीवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९०३ चा. त्यातलं साहित्य आजही मोलाचं आहे, पण नाटक म्हणजे जणू एखादा प्राणी, तो उत्क्रांत होत होत शहाणा झाला, असं त्या काळच्या विद्वानांना वाटायचं. ओ. बी. हार्डिसन यांनी १९६५ मध्ये या समजाचा नीट समाचार घेतला. आपल्याकडच्या गाइडांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही, एवढंच.

तेव्हा माझं सांगणं एकच आहे. संहिता उघडण्याआधी हिशोबाची वही उघड. पैसे कुणी दिले, खेळ कुणी उभा केला आणि बघणारा नेमका कुठे उभा होता, हे विचारत जा. बाकीचं त्याच्या मागून येतं.

चर्चमधल्या भागावर फार वेळ घालवू नकोस, पण एक चित्र मुलांना जरूर दाखव. सुमारे ९७० साली विंचेस्टरचे बिशप एथेलवोल्ड यांनी मठांसाठी एक नियमावली तयार करवली. तिच्यात ईस्टरच्या पहाटेसाठी सूचना आहेत. पांढरा झगा घातलेल्या एका साधूने हातात ताडाची फांदी घेऊन कबरीच्या जागेपाशी शांत बसावं. दुसऱ्या तिघांनी हातात धुपाटणी घेऊन यावं, आणि यावं कसं, तर काहीतरी शोधत असल्यासारखं, थबकत थबकत. बसलेला विचारतो, 'कुणाला शोधता?' ते म्हणतात, 'क्रूसावर दिलेल्या नाझरेथच्या येशूला.' तो म्हणतो, 'तो इथे नाही, तो उठला आहे.' बस, एवढंच. पण 'शोधत असल्यासारखं' या शब्दांत दिग्दर्शक दिसतो की नाही बघ. तीन पुरुष येशूच्या कबरीवर आलेल्या तीन बायकांसारखे चालताहेत. इथे पैशाचा प्रश्न नाही आणि बघणाराही वेगळा असा नाही. जे करताहेत आणि जे बघताहेत ते सगळे त्याच उपासनेत आहेत. भाषा लॅटिन. हे पुढेही शतकानुशतकं चालू राहिलं; यातूनच यॉर्कचे नाटकाचे गाडे निघाले असं सांगू नकोस.

आता यॉर्क. इथे मात्र रेंगाळ.

पोप चौथे अर्बन यांनी १२६४ मध्ये कॉर्पस ख्रिस्तीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाचा सण जाहीर केला. तो सगळीकडे रुजायला पुढची पन्नासेक वर्षं गेली. हा सण मेच्या शेवटापासून जूनच्या चोवीस तारखेपर्यंत कधीतरी येतो. उत्तर इंग्लंडमध्ये त्या दिवसांत उजाडतं लवकर आणि मावळतं खूप उशिरा. हे लक्षात ठेव, कारण या नाटकाला तेवढा दिवस लागत होता. यॉर्कमधल्या नाटकाच्या गाड्यांचा पहिला उल्लेख १३७६ चा आहे. १४१५ मध्ये शहराच्या लिपिकाने कोणत्या कारागिरांकडे कोणता प्रसंग याची यादीच केली. विश्वाच्या निर्मितीपासून अंतिम न्यायापर्यंत पन्नासेक प्रसंग, आणि प्रत्येक प्रसंग एकेका व्यवसायाच्या संघाकडे. जहाजं बांधणारे नोहाचं तारू बांधणार. कोळी आणि खलाशी जलप्रलय दाखवणार. शेवटचं भोजन बेकरीवाल्यांकडे. पूर्वेकडचे ज्ञानी सोनं घेऊन येतात तो प्रसंग सोनारांकडे. येशूचा मृत्यू खाटकांकडे. हे वाचून मुलं हसतील, हसू दे. त्या काळचे लोकही हसले असतील, आणि मग गप्प झाले असतील.

हे प्रसंग चाकांच्या गाड्यांवर व्हायचे. 'पॅजंट' हा शब्द गाड्यालाही होता आणि त्यावरच्या खेळालाही. मिकलगेटपासून निघून गाडे शहरात बारा ठिकाणी थांबायचे. पहाटे साडेचारला नटांनी तयार असावं, नाहीतर दंड, असा हुकूम होता. ज्या घरासमोर गाडा थांबायचा त्या घरच्यांना त्यासाठी शहराला पैसे मोजावे लागत. आपल्या दारात देव थांबावा हे पुण्य आणि खिडक्यांतल्या जागा पाहुण्यांना देता याव्यात हा फायदा, दोन्ही एकाच पावतीवर. संघाच्या सभासदांकडून वर्गणी काढली जाई. १४७६ मध्ये शहराने ठरवलं की चार जाणत्या नटांनी सगळ्यांची परीक्षा घ्यावी आणि कौशल्य, आवाज किंवा देहयष्टी यांत जो कमी पडेल त्याला काढून टाकावं. हे आपल्या गाइडांना कळवायला हवं, कारण त्यांत हे लोक 'भोळेभाबडे हौशी नट' असतात.

'मिस्टरी' या शब्दाबद्दल तू विचारलं आहेस. गूढकथेशी त्याचा संबंध नाही. धंदा, कसब या अर्थाचा शब्द त्यामागे आहे असं सांगतात, पण खरी गंमत अशी की नाटक करणारे स्वतः त्याला मिस्टरी म्हणतच नव्हते. यॉर्कच्या कागदपत्रांत 'कॉर्पस ख्रिस्तीचं नाटक' किंवा नुसतं 'पॅजंट' एवढंच येतं. 'मिस्टरी' हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी चिकटवलेलं. परीक्षेपुरतं वापर, वर्गात ही गोष्ट सांगून वापर.

एकच प्रसंग वाचून दाखवायचा असेल तर क्रूसावर चढवण्याचा दाखव. हा प्रसंग पिनर्स लोकांकडे, म्हणजे टाचण्या-खिळे असल्या बारीक धातुकामाच्या कारागिरांकडे होता. गाड्यावर चार शिपाई आहेत. त्यांच्या दृष्टीने हे एक काम आहे आणि ते वेळेत उरकायचं आहे. येशूला लाकडावर आडवं झोपवतात. एक हात ठोकतात. दुसऱ्या हाताला बघतात तो भोक भलतीकडेच पाडलेलं, फूटभर लांब. मग माप कुणी चुकवलं यावरून भांडण. तोडगा काय, तर दोरी बांधून हात ताणा. पायांनाही दोरी. मग क्रूस उचलायचा तर एकाचा खांदा भरून येतो, दुसऱ्याला धाप लागते. शेवटी क्रूस खाचेत बसतो तर सैल, म्हणून पाचरी मारायच्या. या सगळ्या खटपटीत कुणीही पाशवी नाही. वर्कशॉपमध्ये कुठल्याही दुपारी ऐकू येईल असं बोलणं आहे. आणि हे करणारा नट स्वतः खिळेवाला, बघणाऱ्यांतले निम्मे सुतार-लोहार. त्यांचं सगळं लक्ष भोक कुठे पडलं याकडे गेलेलं असतं. तेवढ्यात क्रूस उभा राहतो आणि आतापर्यंत आडवा असलेला, फारसा न दिसलेला माणूस एकदम सगळ्यांच्या डोक्यावर येतो आणि रस्त्याने, वाटेने जाणाऱ्या सगळ्यांना उद्देशून बोलू लागतो. रस्त्याने जाणारे म्हणजे तिथे खरोखरच रस्त्यात उभे असलेले लोक. आपणही आत्ता मापाचाच विचार करत होतो, हे त्यांना त्या क्षणी कळत असणार. हे लिहिणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. अभ्यासक त्याला 'यॉर्कचा वास्तववादी' म्हणतात. मी त्याला इंग्रजीतला पहिला मोठा नाटककार म्हणतो; तुझ्या विभागप्रमुखांना हे पटणार नाही.

आता हिशोबाची वही. १४३३ मध्ये यॉर्कच्या मर्सर्स म्हणजे बड्या व्यापाऱ्यांच्या संघाने आपल्या अंतिम न्यायाच्या गाड्याचं सामान लिहून ठेवलं. चार चाकांचा गाडा; नरकाचा जबडा; देवासाठी जखमांचा सदरा आणि सोनेरी मुलामा दिलेला मुखवटा; देवाने बसून स्वर्गात वर जायची लोखंडी चौकट; आणि स्वर्गात इकडून तिकडे धावण्यासाठी लाल रंगाचे नऊ छोटे देवदूत, दोरीने ओढायचे. तंत्रज्ञान आणि भाबडेपणा यांतलं अंतर इथे कुणी मोजून दाखवावं.

कोव्हेंट्रीच्या वह्या तर मी उदास असलो की वाचतो. तिथल्या लोहारांच्या संघाने १४९० मध्ये येशूचं काम करणाऱ्याला दोन शिलिंग दिले आणि पिलाताचं, म्हणजे येशूला शिक्षा सुनावणाऱ्या रोमन अधिकाऱ्याचं काम करणाऱ्याला चार. कारण उघड आहे, पिलाताला जास्त बोलायचं होतं आणि ओरडायचंही होतं. १५७३ मध्ये फॉस्टन नावाच्या माणसाला येशूचा घात करणाऱ्या यहूदाला फाशी देण्याचे चार पेन्स मिळाले, आणि त्याच फॉस्टनला कोंबड्यासारखं आरवण्याचे आणखी चार. शिष्य पेत्राने येशूची ओळख तीनदा नाकारली की कोंबडा आरवायला हवा ना! कापडवाल्यांच्या संघाकडे अंतिम न्यायाचा प्रसंग होता. त्यांच्या वहीत नरकाच्या जबड्यापाशी आग धगधगती ठेवणाऱ्याला चार पेन्स आहेत, आणि जगाला आग लावण्याबद्दल पाच. तीन 'जगं' करवून घेतल्याचीही नोंद आहे. एका खेळाला एक जग खर्ची पडत होतं.

त्याच शहरातल्या दुसऱ्या एका नाटकात बालहत्या करवणाऱ्या हेरोद राजासाठी रंगसूचना आहे, की त्याने गाड्यावरही थयथयाट करावा आणि रस्त्यावरही. म्हणजे हेरोद खाली उतरून गर्दीत घुसायचा. स्ट्रॅटफर्डपासून कोव्हेंट्री वीसेक मैल. १५७९ मध्ये तिथली नाटकं थांबली तेव्हा शेक्सपिअर पंधरा वर्षांचा होता. त्याने ती पाहिली याचा पुरावा नाही, आणि पाहिली असं वर्गात ठोकून देऊ नकोस. पण हॅम्लेट नटांना आरडाओरडा करू नका असं बजावतो तेव्हा 'हेरोदावर ताण' करणाऱ्या नटांचा उल्लेख करतो, आणि लंडनच्या प्रेक्षकाला तो कळतो, एवढं सांग.

तू दशावतारातल्या संकासुराशी तुलना सुचवली आहेस. मोह मलाही होतो. गर्दीत घुसणारा, लोकांना हसवणारा दुष्ट म्हटलं की आपल्या माणसाला तेच आठवणार. पण साम्य दिसलं म्हणून नातं असतंच असं नाही. वर्ग जागा करण्यापुरती दोन मिनिटं वापर आणि सोडून दे. आपल्याकडचा खरा धागा दुसरीकडे आहे, त्याच्याकडे येतोच.

वेकफिल्डच्या धनगरांच्या नाटकाबद्दल थोडक्यात. येशूच्या जन्माच्या रात्री मॅक नावाचा भुरटा मेंढरू चोरतो, त्याची बायको गिल ते पाळण्यात गुंडाळून ठेवते आणि बाळंतपणाचं सोंग करते. धनगर बाळाला काहीतरी द्यावं म्हणून परत येतात, आणि बाळाचं नाक जरा लांबच निघतं. मग खरा देवदूत, खरा पाळणा, खरं कोकरू. याला 'धार्मिक नाटकात घुसलेला विनोद' म्हणणं म्हणजे अर्धं नाटक न वाचणं. खोट्या पाळण्यामुळेच खरा पाळणा दिसतो.

आता प्रश्न असा, की हे गेलं कुठे? गाइड म्हणतं, 'कालबाह्य झालं.' खोटं आहे. ते बंद पाडलं गेलं. देश प्रॉटेस्टंट पंथाकडे वळला आणि १५४८ मध्ये कॉर्पस ख्रिस्तीचा हा कॅथलिक सणच रद्द झाला. यॉर्कने आपल्या नाटकातून मरियेच्या मृत्यूचे आणि स्वर्गारोहणाचे प्रसंग गाळले, बाकीचं चालू ठेवलं. १५६८ मध्ये तिथल्या एका दुसऱ्या जुन्या धार्मिक नाटकाची वही तिथल्या मुख्य चर्चचे प्रमुख, डीन मॅथ्यू हटन, यांच्याकडे तपासायला गेली. त्यांचा अभिप्राय असा, की चाळीस वर्षांपूर्वी हे खपून गेलं असतं आणि अडाणी लोकांना आजही आवडेल, पण विद्वानांना रुचणार नाही. 'अडाण्यांना आजही आवडेल' हे शब्द बघ. म्हणजे प्रेक्षक होता. १५७५ मध्ये चेस्टर शहराने नाटकं केली तर तिथल्या महापौरावर प्रिव्ही कौन्सिलचं, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाचं समन्स आलं. १५७६ मध्ये वेकफिल्डला हुकूम गेला, की पिता, पुत्र किंवा पवित्र आत्मा यांपैकी कुणाचंही सोंग आणता कामा नये. बायबलच्या नाटकातून देव काढला तर राहिलं काय?

आणि इथे आपला धागा. थॉमस स्टीफन्स हा विल्टशायरचा इंग्रज तरुण कॅथलिक होता, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात गेला आणि १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरला. म्हणजे ज्या वर्षी कोव्हेंट्रीचे गाडे शेवटचे फिरले त्याच वर्षी. पुढे त्याने आदामापासून ख्रिस्तापर्यंतची तीच कथा मराठी ओव्यांत रचली, जवळपास अकरा हजार ओव्या, आणि ती १६१६ मध्ये रायतूरला छापली गेली. 'ख्रिस्तपुराण' हे गाड्यांवरच्या नाटकांचं अपत्य आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण आदाम-हव्वेपासून पुढची कथा लोकांच्या बोलीत लोकांपुढे मांडायची सोय जेव्हा इंग्लंडमध्ये संपत होती, तेव्हा एक इंग्रज ती कथा मांडवीच्या-जुवारीच्या काठी मराठीत बसवायला निघाला होता. वर्गात मुलं पेंगायला लागली की हे सांग.

मोरॅलिटीकडे वळू. प्रत्येक पाठ्यपुस्तकात 'एव्हरीमॅन' असतं आणि म्हणून सगळी मोरॅलिटी नाटकं तशीच, गंभीर आणि सडपातळ, असा समज होतो. 'एव्हरीमॅन' हे मुळात डच नाटकाचं भाषांतर. त्या काळात त्याचा प्रयोग झाल्याची नोंद सापडत नाही. आपल्याला आठवतं ते बरंचसं १९०१ मध्ये विल्यम पोएल यांनी केलेल्या प्रयोगामुळे. नाटक फार सुंदर आहे, मित्र, नातेवाईक, संपत्ती एकेक करून पाठ फिरवतात आणि कबरीत बरोबर उतरतं ते फक्त सत्कर्म. शिकव, पण नमुना म्हणून शिकवू नकोस.

नमुना हवा तर 'द कासल ऑफ पर्सिव्हरन्स' घे, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. याच्या हस्तलिखितात रंगमंचाचा आराखडा काढलेला आहे. मध्ये किल्ला, त्याच्याखाली माणसाची खाट, भोवती पाच मचाणं, पूर्वेला देव, उत्तरेला सैतान, पश्चिमेला जग, दक्षिणेला देह, ईशान्येला लोभ. सैतानाचं काम करणाऱ्यासाठी सूचना आहे, की लढाईला जाताना त्याच्या हातांत, कानांत आणि ढुंगणात नळ्या असाव्यात व त्यांत बंदुकीची दारू पेटलेली असावी. मी हे वाक्य वर्गात कधी मोठ्याने वाचलं नाही. तू वाच, तुझी पिढी धीट आहे.

हिशोबाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं मात्र 'मॅनकाइंड', साधारण १४७० च्या आसपासचं. त्यात टिटिव्हिलस नावाचा राक्षस यायचा असतो. त्याचा आवाज आतून येतो, लोक उत्सुक होतात, आणि तेवढ्यात खलपात्रं सांगतात, की आधी पैसे गोळा करू, मग तो दिसेल. थाळी फिरते. इथे संघ नाही, शहर नाही, सण नाही. बघणारा स्वतः पैसे देतोय, आणि देतोय कशासाठी, तर सैतान बघण्यासाठी. पुढच्या सव्वाशे वर्षांचा व्यवसाय या एका प्रसंगात आहे.

इंटरल्यूड, विद्यापीठं आणि वकिलांच्या संस्था यांतली नाटकं एका तासात उरक. हेन्री मेडवॉलचं 'फल्जेन्स अँड लुक्रीस' साधारण १४९७ चं. कार्डिनल मॉर्टन यांच्या दिवाणखान्यात जेवणावळ चाललेली असताना प्रेक्षकांतूनच दोन नोकर उठतात आणि नाटकात शिरतात. लुक्रीस कुलीन मागणीदार नाकारून गुणी माणूस निवडते. धर्माचा इथे काहीच संबंध नाही आणि साल बघ, यॉर्कचे गाडे अजून सत्तर वर्षं फिरायचे आहेत. निकोलस युडल या शाळामास्तराने प्लॉटस या रोमन विनोदी नाटककाराच्या वळणाने 'राल्फ रॉइस्टर डॉइस्टर' लिहिलं. 'गॉर्बोडक' इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेतल्या दोघांनी लिहिलं आणि जानेवारी १५६२ मध्ये खुद्द एलिझाबेथ राणीपुढे ते झालं. राज्य वाटून दिलं तर काय होतं हे तरुण, अविवाहित राणीला सांगायचं धाडस त्यात आहे. यमकाविनाची दहा अक्षरी ओळ इंग्रजी नाटकात पहिल्यांदा इथे आली. ओळ आली, पण पाय लाकडी. तिच्यात रक्त घातलं मार्लोने.

आणि मार्लो कोण? कॅंटरबरीच्या चांभाराचा मुलगा. शेक्सपिअर हातमोजे करणाऱ्याचा. नाटककार बेन जॉन्सनचा सावत्र बाप विटांचं काम करणारा. 'द थिएटर' बांधणारा बर्बेज आधी सुतारकाम करायचा, आणि त्यात पैसे घालणारा त्याचा मेहुणा ब्रेन किराणा व्यापारी. ज्या थरातल्या लोकांनी गाडे ओढले त्याच थराने नाटकघरं बांधली. १५७२ च्या कायद्याने आश्रयदाता नसलेल्या नटांना भटक्यांत, भामट्यांत जमा केलं, म्हणून लॉर्ड लोकांच्या नावाच्या मंडळ्या तयार झाल्या. पण पोट भरत होतं ते दारात पेनी टाकून आत येणाऱ्यांवर. एक पेनी दिली की उभं राहायचं, आणखी एक दिली की सज्जात बसायचं, तिसरी दिली की उशी. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधले सुतार, विणकर, कल्हईवाले मिळून नाटक बसवतात आणि दरबारी त्यांना हसतात, तेव्हा कोण कुणाला हसतंय हे मुलांना विचार. सिंहाला बघून बायका घाबरतील काय, याची काळजी करणारी ती माणसं, लाल देवदूतांना दोरी बांधणाऱ्यांचीच भावंडं आहेत.

आता परत त्या वहीकडे. १५९८ च्या मार्चमध्ये फिलिप हेन्स्लोने आपल्या मंडळीच्या सामानाची यादी केली. 'रोझ' नाटकघर चालवणारा हा धंदेवाईक माणूस, रंगारीकामातून वर आलेला. यादीत एक खडक, एक पिंजरा, एक थडगं, आणि त्यांच्या शेजारी नरकाचा एक जबडा आहे. फाउस्टसच्या नाटकासाठी एक ड्रॅगनही आहे. यॉर्कच्या व्यापाऱ्यांनी जबडा लिहिला १४३३ मध्ये, हेन्स्लोने लिहिला १५९८ मध्ये. तोच आ वासलेला, पण मालक बदलला.

मालक बदलल्याने काय झालं हे मार्लोच्या 'डॉक्टर फाउस्टस'मध्ये, सैतानाला आत्मा विकणाऱ्या विद्वानाच्या नाटकात, दिसतं. सगळं जुनं सामान त्यात आहे, चांगला देवदूत, वाईट देवदूत, सात पापांची मिरवणूक. जुन्या मोरॅलिटीत माणूस घसरायचा, पश्चात्ताप करायचा आणि शेवटच्या घटकेला दया येऊन त्याला उचलायची. प्रेक्षक त्या दयेची वाट बघत उभा आहे. अकराचा ठोका पडतो. अर्ध्या तासाचा पडतो. फाउस्टस घोड्यांना हळू धावा म्हणतो, डोंगरांना अंगावर पडा म्हणतो. बारा वाजतात आणि कुणीही येत नाही. मार्लोचं मोठेपण इथे आहे, आणि ते ज्याला जुन्या नाटकांतली दया माहीत नाही त्याला कळणार नाही. म्हणून म्हणतो, शिडीवरून वर चढून खालची पायरी विसरू नकोस. वरच्या मजल्याचा भार त्याच लाकडावर आहे. रंगमंचावरच्या छताला 'स्वर्ग' आणि खालच्या पोकळीला 'नरक' म्हणणारे नट कुठल्या गाड्यावरून उतरले होते ते उघड आहे.

१६०६ मध्ये रंगभूमीवर देवाचं नाव थट्टेत घेतलं तर दहा पौंड दंड, असा कायदा झाला. जबर दंड होता तो.

बरं, सोमवारच्या तासाचं. व्याख्यान देऊ नकोस. पाच मुलं पुढे उभी कर, चौघांना शिपायांची वाक्यं वाटून दे, दोरी आण, आणि त्यांना खरोखरच काहीतरी जड उचलायला लाव. ग्रंथालयातलं लांब बाक चालेल, शिपाईमामांना आधी सांगून ठेव. दुसऱ्या तासाला यॉर्कच्या खोगीरवाल्यांचं नाटक घे, ज्यात येशू नरकाच्या दारावर येऊन ते उघडायला लावतो आणि आतले सैतान गोंधळ घालतात. मग एक शब्दही न समजावता 'मॅकबेथ' उघड. राजाचा खून नुकताच झालाय, दारावर कुणीतरी ठोठावतंय, आणि झिंगलेला द्वारपाल डोळे चोळत येतो नि म्हणतो, कुणी जर नरकाच्या दाराचा राखणदार असता तर किल्ली फिरवता फिरवता त्याच्या नाकी नऊ आले असते.

बाहेर कोण ठोठावतंय, असं मुलांना विचार. आणि कोण काय म्हणालं ते मला सविस्तर कळव. फोन नको, पत्रच लिही. मला ते दोनदा वाचता येतं.

तुझा,
सर

ता. क. नोट्स चुकीच्या म्हणालो, पण जाळणार नाही. त्यांतली शिडी फार सुबक काढली आहे, मोडवत नाही.